तोफ कुठे ठेवायची? गाविलगड, नरनाळा आणि वऱ्हाडचे बुरूज

किल्ल्यांविषयी आपल्याकडे साधारण दोनच प्रश्न विचारले जातात. किल्ला कोणी बांधला आणि तो कोणाकडून कोणी घेतला. दोन्ही प्रश्नांची उत्तरे नावांमध्ये मिळतात. नाव आले की त्याच्या मागोमाग धर्म येतो आणि पुढच्या पाच मिनिटांत किल्ला बाजूला पडून भांडण सुरू होते. सोशल मीडियावर गाविलगडाचा किंवा नरनाळ्याचा एखादा फोटो टाकून पाहा, खालच्या प्रतिक्रियांमध्ये हेच दिसेल.

मला इथे तिसरा प्रश्न घ्यायचा आहे. या किल्ल्यांवर तोफ कुठे ठेवली होती आणि तिथेच का? हा प्रश्न बांधणाऱ्याला विचारावा लागतो आणि त्याचे उत्तर दगडात मिळते. त्यासाठी कोणाच्या धर्माची चौकशी करावी लागत नाही. चढ किती आहे, वाट कुठून येते, पाणी कुठे आहे आणि माणसे किती आहेत, एवढे पाहावे लागते.

हा प्रश्न डोक्यात आला तो घरातल्या मुलांच्या एका व्हिडिओ गेममुळे. ‘कॉस्मोटियर’ नावाचा हा गेम अंतराळयाने बांधण्याचा आहे. एकेक खोली जोडत यान उभे करायचे. कुठे वीज तयार करणारी भट्टी, कुठे खलाशांच्या राहण्याच्या खोल्या, कुठे चिलखताची भिंत, कुठे इंजिन आणि मग तोफा. नवा खेळाडू सगळ्या तोफा समोर लावतो. यान दिसायला भयंकर दिसते. पण प्रत्येक तोफेची फिरण्याची एक मर्यादा असते. शत्रू वळसा घालून मागे आला की उघडी इंजिने त्याच्या तोंडाशी येतात. दुसरी अडचण त्याहून नेमकी आहे. या गेममध्ये दारूगोळा तोफेपर्यंत आपोआप पोहोचत नाही. खलाशी तो उचलून नेतात. कोठार लांब असेल, वाट अरुंद असेल किंवा माणसे कमी असतील, तर उत्तम तोफसुद्धा गप्प बसते.

मुले हे दोन-चार डाव हरून शिकतात. वऱ्हाडातल्या गवंड्यांनी, लोहारांनी आणि गोलंदाजांनी हेच प्रश्न चारशे-पाचशे वर्षांपूर्वी दगडात सोडवले होते. तोफ कोणत्या दिशेला पाहते, तिला कुठले दिसत नाही, तिच्यापर्यंत माणूस आणि दारू कशी पोहोचते आणि पहिली भिंत पडली तर मागे काय उरते, हे ते चार प्रश्न. तेच बरोबर घेऊन आपण सातपुड्याच्या कड्यावर जाऊ.

गाविलगड : तीन भिंतींचा हिशोब

अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला लागून गाविलगड आहे. नावावरून तो मुळात गवळ्यांचा गड असावा असे परंपरा सांगते. दगडी किल्ला म्हणून त्याची उभारणी बहामनी सुलतान अहमदशाह वलीने केली. १४२५ च्या सुमारास तो एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात, मुक्काम करून होता. त्या काळात त्याने गाविलगड बांधला आणि नरनाळ्याची दुरुस्ती केली, असे फरिश्ता लिहितो. बिदरजवळच्या अष्टूर इथल्या या सुलतानाच्या मजारीवर मुस्लिमांबरोबर लिंगायतही श्रद्धेने येतात, एवढे जाता जाता नोंदवून ठेवतो.

किल्ल्याची रचना समजून घेतली पाहिजे. दक्षिणेला, म्हणजे वऱ्हाडच्या मैदानाकडे, कडा तुटलेला आहे. त्या बाजूला आतला मुख्य किल्ला आहे. तिथून वर येणारी वाट लांब आणि इतकी खडी की फक्त माणूस चढू शकेल, गाडा नाही. वायव्येच्या दरवाजाला येणारी वाट रोजच्या वहिवाटीची होती. पण ती किल्ल्याच्या पश्चिम अंगाने वळसा घालत येते. वर येणारा माणूस बराच वेळ तटावरच्या माऱ्याखाली राहतो. वाट अरुंद, दोन्ही बाजूंनी खडक तासलेला. तिथे शत्रूला तोफ लावायला जागाच मिळू नये अशी ती योजना होती.

राहिली उत्तर. उत्तरेला कडा नाही. किल्ला ज्या पठारावर आहे तेच पठार सपाटीने पुढे चालू राहते. म्हणून बांधणाऱ्यांनी आतल्या किल्ल्याच्या उत्तरेला आणि वायव्येला बाहेरचा किल्ला घातला आणि त्याच्याही पुढे, नेमकी उत्तरेची वाट अडवणारी, तिसरी भिंत उभी केली. दक्षिणेला निसर्गाने जे फुकट दिले होते, ते उत्तरेला दगड रचून विकत घ्यावे लागले. गाविलगडाचा धोका कुठे आहे हे त्याच्या बांधणाऱ्यांना पुरते माहीत होते. ही गोष्ट पुढे १८०३ मध्ये पुन्हा लागणार आहे.

बुरुजावर तोफ चढते तेव्हा

पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला तट मुख्यतः शिडी, हत्ती, बाण आणि दगडफेकी यंत्रे यांच्यासाठी बांधलेला असतो. उंच भिंत हेच त्याचे उत्तर असते. सोळाव्या शतकात तोफा मोठ्या झाल्या आणि हिशोब बदलला. उंच आणि पातळ भिंत तोफेच्या गोळ्यापुढे टिकत नाही. दुसरीकडे, तटावरच्या अरुंद फांजीवर मोठी तोफ मावत नाही. तोफ डागली की मागे धक्का देते, तिला मागे सरायला जागा लागते. बार भरायला चार-सहा माणसे तिच्याभोवती फिरतात. म्हणजे तोफ आली की बुरूज रुंद, भरीव आणि भक्कम करावा लागतो.

दख्खनने यावर स्वतःचे उत्तर शोधले. युरोपात भिंती बुटक्या आणि जाड करून बाणाच्या टोकासारखे कोनदार बुरूज बांधण्याची पद्धत रूढ झाली. गोल बुरुजाच्या थेट समोर एक त्रिकोणी तुकडा असा राहतो की शेजारच्या बुरुजांवरूनही तिथे मारा पोहोचत नाही. कोनदार बुरुजाने ही आंधळी जागा मिटते. दख्खनी कारागिरांनी बुरूज गोलच ठेवला, पण तोफ उंच चढवली आणि फिरती केली. बुरुजाच्या माथ्यावर मध्यभागी खुंट रोवून त्याभोवती तोफेचे तोंड हवे तिकडे वळवायचे. दौलताबादला मेंढा तोफ पाहिलेल्यांना ही व्यवस्था आठवेल. विजापुरात १५८४ मध्ये हैदरखानाने बांधलेला उपली बुरूज हा तर तटापासून सुटा उभा असलेला तोफेचा मनोराच आहे. त्याच विजापुरातली मुलुख-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला एका रूमी, म्हणजे तुर्की मुलखातल्या, कारागिराने ओतली. वजन सुमारे ५५ टन.

वऱ्हाड या घडामोडींपासून दूर नव्हता. १५७४ मध्ये मुर्तजा निजामशाहने इमादशाही संपवून वऱ्हाड अहमदनगरला जोडला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १५७७ मध्ये, त्याचा गाविलगडावरचा अंमलदार बहरामखान याने किल्ल्यात नवा बुरूज बांधला. शिलालेखासह तो बुर्ज-ए-बहराम म्हणून ओळखला जातो. नवा मालक आला आणि त्याने सर्वांत आधी ज्या कामांना हात घातला, त्यांत बुरूज होता. आता लढाई तोफांची आहे, हे त्याला ठाऊक होते. पुढे वीस-एकवीस वर्षांत अकबराच्या फौजांनी गाविल आणि नरनाळा हे दोन्ही किल्ले घेतले.

नरनाळा : कड्यावरची तोफ

अकोला जिल्ह्यात अकोटच्या उत्तरेला नरनाळा आहे. हा एक किल्ला नसून तीन किल्ल्यांचा मेळ आहे. मधला नरनाळा, एका बाजूला जाफराबाद आणि दुसऱ्या बाजूला तेलियागड. शेजारच्या टेकाडावर शत्रूने तोफ चढवली तर मुख्य किल्ला माऱ्यात येतो. म्हणून शेजारची टेकाडेच तटात ओढून घेतली आहेत. गेमच्या भाषेत सांगायचे तर शत्रूला जिथे उभे राहायला सोयीचे, ती जागा आपणच आधी व्यापून टाकायची.

वर जाणारी वाट शहानूर, मेहंदी आणि महाकाली अशा दरवाजांतून एकामागून एक जाते. महाकाली दरवाजा फतहुल्लाह इमाद-उल-मुल्कने १४८७ मध्ये बांधला. पांढरट दगडावर कोरलेली कमळे आणि सुरेख अरबी अक्षरे यांच्यासाठी तो प्रसिद्ध आहे. बहुतेक लोक तेवढेच पाहून परततात. पण दरवाजाच्या अंगाला पहारेकऱ्यांसाठी केलेल्या जागा आणि वाटेची वळणे बघितली, तर नक्षीइतकीच लढाईची अक्कलही त्यात दिसते. वळणावर हत्तीला धाव घेता येत नाही आणि येणाऱ्याची कूस वरच्या माणसाकडे होते.

गडाच्या कड्यावर नऊगजी तोफ पडून आहे. कड्यावरच्या तोफेची एक अडचण असते. तोफेचे तोंड ठरावीक मर्यादेपलीकडे खाली वाकवता येत नाही. त्यामुळे कड्याच्या अगदी पायथ्याशी आलेला शत्रू तिच्या माऱ्यातून सुटतो. तिथे दगड, बंदूक आणि खुद्द कडाच कामाला येतो. अशी तोफ दूरच्या वाटांसाठी असते. मैदानातून फौज येत असेल, तर ती जवळ येण्याआधी तिला तळ ठोकू न देणे, हे तिचे काम. मोठी तोफ डोळ्यांना दिसावी, हाही तिच्या जागेचा एक हेतू असावा असे मला वाटते. सपाटीवरच्या गावांना सत्ता दुरून दाखवण्याचे ते साधन होते.

नरनाळ्यावर तोफांपेक्षा जास्त लक्ष पाण्यावर दिलेले दिसते. गडभर तलाव आणि टाकी आहेत. वेढ्यात तोफ किती दिवस बोलणार, हे शेवटी गोलंदाजाला पाणी किती दिवस मिळणार यावर ठरते.

आडगाव, २९ नोव्हेंबर १८०३

आता ज्या लढाईत या सगळ्याची परीक्षा झाली तिच्याकडे येऊ. १८०३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले एका बाजूला आणि ईस्ट इंडिया कंपनी दुसऱ्या बाजूला, असे युद्ध पेटले. सप्टेंबरमध्ये असईला शिंद्यांच्या तोफखान्याने जनरल आर्थर वेलस्लीच्या फौजेला जबर तडाखा दिला, पण लढाई कंपनीने जिंकली. दोन महिन्यांनी, २९ नोव्हेंबरला, आजच्या अकोला जिल्ह्यातल्या आडगावजवळ दोन्ही फौजा पुन्हा भिडल्या. इंग्रजी पुस्तकांतली ‘आरगाव’ची लढाई ती हीच.

भोसल्यांच्या तोफा इथे योग्य जागी होत्या. कंपनीची फौज एका गावाच्या आडोशाने पुढे येत होती. तिचे तोंड उघड्यावर आले त्याच क्षणी तोफा सुरू झाल्या. असईला नेटाने लढलेल्या तीन पलटणी इथे फुटून पळाल्या. वेलस्लीने त्यांना गावाच्या आड गोळा करून पुन्हा उभे केले. संध्याकाळ होत असताना त्याने हल्ला चढवला आणि भोसल्यांची फळी मोडली. ३८ तोफा कंपनीच्या हाती पडल्या.

मोकळ्या मैदानातल्या तोफेचे दुखणे इथे उघड होते. बैलांनी ओढून आणलेली जड तोफ पहिल्या तासात शत्रूला जागेवर खिळवते. फळी एकदा मोडली की ती वेगाने मागे नेता येत नाही. जिंकलात तर ती तुमची, हरलात तर त्याची. मोडलेल्या पायदळातले पुष्कळ लोक उत्तरेला सातपुड्याकडे निघाले आणि गाविलगडात शिरले.

गाविलगड, ७ ते १५ डिसेंबर

किल्लेदार होता बेनीसिंह, राजपूत. किल्ला भोसल्यांचा. समोर दोन फौजा होत्या. एक वेलस्लीची आणि दुसरी कर्नल स्टीव्हन्सनची. स्टीव्हन्सनच्या हाताखालची फौज निजामाच्या खर्चाने ठेवलेली हैदराबादची तैनाती फौज होती.

वेलस्लीने किल्ल्याची पाहणी केली आणि गवंड्यांनी चारशे वर्षांपूर्वी केलेला हिशोब त्याने उलट्या बाजूने मांडला. दक्षिणेची वाट खडी, वायव्येची वाट माऱ्याखाली. उत्तरेलाच जमीन सपाट आहे, तिथेच तोफा लावता येतील. पण उत्तरेला पोहोचायचे तर एलिचपुराहून डोंगरातून सुमारे ३० मैल, म्हणजे ४८ किलोमीटर, जावे लागणार. रस्ता नव्हता.

७ डिसेंबरला स्टीव्हन्सन निघाला. डोंगराच्या तोंडाशी तटबंदी असलेले एक गाव होते. ही वाट राखणारी ती चौकी. कंपनीच्या तुकडीने आधी ते गाव घेतले. मग सैनिकांनी वाट खणत आणि झाडे तोडत जड तोफा जवळपास पूर्ण अंतर हाताने ओढून नेल्या. पाच दिवस लागले. १२ डिसेंबरला दुपारी ते उत्तरेच्या सपाटीवर पोहोचले आणि त्याच रात्री दोन मोर्चे बांधले. एका मोर्च्यात १८ रतली दोन आणि १२ रतली तीन लोखंडी तोफा होत्या. त्यांचे काम भिंतीला खिंडार पाडण्याचे. १८ रतली म्हणजे सुमारे ८ किलोचा गोळा. दुसऱ्या मोर्च्यात हलक्या पितळी तोफा आणि गोळा वरून टाकणाऱ्या दोन आखूड तोफा होत्या. तटावरच्या माणसांना डोके वर काढू न देणे हे त्यांचे काम. एक तोफ भिंतीसाठी आणि एक माणसासाठी, अशी ही वाटणी होती.

दक्षिणेकडे वेलस्लीनेही मोर्चा बांधला. तिथे खिंडार पडले तर उत्तमच, नाही तर किल्ल्यातल्यांचे लक्ष तरी तिकडे ओढले जाईल, असा त्याचा विचार होता. तिथे लोखंडी तोफा वर चढवताच आल्या नाहीत. पितळी तोफांचा मारा फारसा लागला नाही. दक्षिणेच्या कड्याने आपले काम चोख केले.

१३ तारखेला उत्तरेच्या तोफा सुरू झाल्या. १४ च्या रात्रीपर्यंत बाहेरच्या भिंतींना शिरता येण्याजोगी खिंडारे पडली. १५ डिसेंबरला सकाळी दहाच्या सुमारास हल्ला झाला. दक्षिण आणि वायव्य दरवाजांवर तुकड्या धाडून तटावरची माणसे तिकडे गुंतवण्यात आली. खरा हल्ला उत्तरेकडून आत शिरला. बाहेरचा किल्ला गेला.

पण आतला किल्ला अजून शाबूत होता. त्याच्या भिंतीला एकही खिंडार नव्हते. दोन किल्ल्यांमधल्या दरवाजावर कंपनीच्या लोकांनी धडका दिल्या, तो उघडला नाही. इथे बांधणाऱ्यांची तिसरी ओळही उभी होती आणि तिने शत्रूला थांबवले होते. मग कॅप्टन कॅम्पबेल आणि ९४ व्या रेजिमेंटची एक हलकी तुकडी शिडी लावता येईल अशी जागा शोधत फिरली. अशी जागा सापडली. तिथे शिड्या लागल्या, माणसे वर चढली, आतून दरवाजा उघडला गेला आणि सगळे संपले. बेनीसिंह आणि त्याचे सरदार लढता लढता मारले गेले. दरवाजांशी प्रेतांचे ढीग पडले होते. दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, जवळच्या देवगाव इथे भोसल्यांनी तह केला.

गाविलगड दुबळा होता म्हणून पडला, हे मला पटत नाही. कड्याने दक्षिण राखली. दरवाजा धडकांना पुरून उरला. बांधणाऱ्यांनी ओळखलेला धोकाही अचूक निघाला, शत्रू उत्तरेहूनच आला. कमी पडल्या त्या दोन गोष्टी. एक म्हणजे, उत्तरेची तिसरी भिंत ज्या काळातल्या तोफांसाठी पुरेशी होती तो काळ मागे पडला होता. आठ किलोचा लोखंडी गोळा एकाच जागी तासन्‌तास आदळणार, हे त्या दगडांच्या हिशोबात नव्हते. दुसरी गोष्ट माणसांची. शेवटच्या भिंतीवर जिथे शिडी लागली तिथे ती ढकलून द्यायला पुरेसे हात नव्हते. तट मैलभर आणि तीन बाजूंनी हल्ला. शिवाय आत आलेल्यांपैकी बरेच जण आडगावहून हरून आलेले, या तटाशी आणि एकमेकांशीही नव्याने गाठ पडलेले. गेममधला गप्प बसलेला तोफखाना तो हाच. तोफ आहे, भिंतही आहे, पण त्या वेळी त्या जागी माणूस नाही.

डोंगरातले ते पाच दिवसही विसरता येत नाहीत. हाताने ओढली जाणारी तोफ घाटात असते तेव्हा ती लोखंडाचा ओंडका असते. मोर्चावर चढली की तिची तोफ होते. गाविलगडाची खरी पहिली भिंत त्या ३० मैलांच्या जंगलात होती आणि तिचा दरवाजा म्हणजे डोंगराच्या तोंडाशी असलेले ते तटबंदीचे गाव. तो दरवाजा पहिल्याच दिवशी गेला.

शत्रू बदलला की भिंत बदलते

वऱ्हाडात सगळे किल्ले डोंगरावर नाहीत. अकोला जिल्ह्यातला बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमाजवळच्या उंचवट्यावर आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशाह याने त्याचे काम सुरू केले आणि एलिचपूरचे नवाब इस्माईलखान यांनी ते १७५७ मध्ये पूर्ण केले. सातपुड्याचा कडा इथे नव्हता, म्हणून कड्याचे काम नद्यांकडून करून घेतले. पावसाळ्यात पुराचे पाणी किल्ल्याला जवळपास चहूबाजूंनी वेढते. तट पक्क्या विटांचा आणि एकाच्या आत एक असे तीन दरवाजे. पहिली भिंत पडली तर मागे काय, या प्रश्नाचे ते उत्तर.

अमरावतीचा परकोट त्याहून निराळा. गाविलगड पडल्यानंतर चार वर्षांनी, १८०७ मध्ये, निजाम सरकारने तो बांधायला घेतला. पाच दरवाजे आणि चार खिडक्या. शहरातल्या व्यापाऱ्यांना पेंढाऱ्यांपासून वाचवायचे होते. पेंढारी घोड्यावरून येत, लूट करत आणि निघून जात. त्यांच्याकडे वेढ्याच्या तोफा नसत. त्यामुळे इथे जाड बुरुजांपेक्षा उंच सलग भिंत आणि वेळेवर बंद होणारा दरवाजा जास्त मोलाचा होता. स्टीव्हन्सनच्या तोफांपुढे हा परकोट एक दिवसही टिकला नसता, पण तो त्यांच्यासाठी बांधलाच नव्हता. त्याच्या एका खिडकीला खुनारी म्हणतात. १८१८ साली तिच्याजवळ झालेल्या लढाईतल्या रक्तपातावरून हे नाव पडले, असे सांगतात. जवाहर गेटमधून रोज बाजाराला जाणाऱ्या माणसालाही या भिंतीतून हे वाचता येईल की १८०७ मध्ये अमरावती कशाला घाबरत होती.

मग किल्ला कोणाचा?

आता सुरुवातीच्या त्या दोन प्रश्नांकडे वळू. गाविलगड कोणाचा? उभारणी बहामनी सुलतानाची. त्याला पुढे मजबुती दिली फतहुल्लाह इमाद-उल-मुल्कने. हा विजयनगरच्या मुलखातल्या कानडी हिंदू घरात जन्मलेला, लहानपणी युद्धात पकडला गेलेला आणि मुसलमान म्हणून वाढलेला माणूस. किल्ल्याच्या दिल्ली दरवाजावर चोचीत आणि पंजांत हत्ती पकडलेला दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला आहे. विजयनगरच्या आठवणीतला पक्षी आणि फारसी लेख एकाच किल्ल्याच्या दगडांवर आहेत. बुरूज निजामशाही अंमलदाराचा. नंतर मोगल, मग भोसले. शेवटच्या दिवशी तो राखताना मेला तो राजपूत. त्याच्या विरुद्ध आलेल्यांत हैदराबादच्या निजामाच्या पैशाने उभी केलेली फौज, तिच्यात मद्रासचे शिपाई आणि स्कॉटलंडचे गोरे. यातला कोणता धर्म कोणत्या बाजूला होता, हे ठरवायला बसलो तर कागद संपेल.

आमच्या लोकांनाही मला एक सांगावेसे वाटते. महाकाली दरवाजावरच्या अरबी अक्षरांचे फोटो आपण अभिमानाने पाठवतो. पाठवावेतच. पण ती अक्षरे कोरणारा आणि ज्याच्यावर ती कोरली तो दगड खाणीतून काढणारा, हे दोघे एकाच वस्तीतले असतीलच असे नाही. किल्ला हा सुलतानाच्या नावाने ओळखला जातो, पण तो उभा राहतो पाथरवट, लोहार, चुनखडी जाळणारे, पाणी वाहणारे आणि दारू कुटणारे यांच्या हातांवर. हे हात बहामनी काळात होते आणि भोसल्यांच्या काळातही होते. निशाण बदलले की गवंडी बदलत नाही. पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारद्याकडे होता, हे प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. तोफखान्याचे काम येणाऱ्याला मागणी होती. त्याची जात विचारायला लढाईत सवड नसायची.

या किल्ल्यांना ‘त्यांचे’ आणि ‘आपले’ असे वाटून घेतले की एक नुकसान हमखास होते. ज्याला तो ‘त्यांचा’ वाटतो तो त्याच्याकडे पाहत नाही. ज्याला तो ‘आपला’ वाटतो तो फक्त नाव पाहतो. दोघांच्या दुर्लक्षात बुरुजावर झाड उगवते, मुळे सांध्यात शिरतात आणि दोन पावसाळ्यांत दगड सुटतो. तोफांवर खिळ्याने कोरलेली नावे तर सगळ्याच धर्मांची सापडतात.

चिखलदऱ्याला सहल निघतेच. भिमकुंड, पंचबोल आणि हरिकेन पॉइंट झाला की वेळ काढून गाविलगडावर जा. चिखलदऱ्याहून तुम्ही किल्ल्याकडे निघाल तेव्हा वाट सपाट लागेल, दम लागणार नाही. थांबून लक्षात घ्या की हीच ती उत्तरेची बाजू. स्टीव्हन्सनच्या तोफांना इथेच उभे राहायचे होते. मग किल्ला ओलांडून दक्षिणेच्या तटावर जा आणि खाली वऱ्हाडचे मैदान पाहा. बरोबर मुले असतील, तर त्यांना बांधणाऱ्याचे नाव सांगण्याआधी विचारा की तुमच्याकडे दहा तोफा असत्या तर तुम्ही त्या कुठे ठेवल्या असत्या. त्यांना उत्तर देता येईल. त्यांनी ते खेळून शिकलेले आहे.